कार्बन फायबरच्या पार्टवरचे ओरखडे घरी कसे काढायचे (आणि कुठले काढायला जायचं नाही)

आरशाचं कव्हर, पुढचा लिप (बंपरखालची पट्टी), मागचा स्पॉयलर. आपल्याकडे गाडीवर कार्बन असतो तो बहुतेक याच जागी, आणि ओरखडेही नेमके तिथेच पडतात. सिग्नलला दुचाकीचं हँडल आरशाला घासून जातं, लिप सोसायटीच्या उताराला टेकतो, स्पॉयलरवर रोज सकाळी गाडी पुसणारा सुकं फडकं फिरवतो. गॅरेजमध्ये विचारलं तर तीन उत्तरं मिळतात: "पार्ट बदलून टाका", "काळा मारून देतो" नाहीतर "रबिंग करू, निघून जाईल". पहिलं महाग, दुसऱ्यात कार्बन घेतल्याचं कारणच संपतं, आणि तिसरं कुणाच्या हातून होतंय यावर सगळं अवलंबून. म्हणून मी हे काम शिकून घरी करायला लागलो. मित्रांच्या गाड्यांसाठी तेच तेच फोनवर सांगून झाल्यावर आता एकदाच नीट लिहून काढतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. तुम्हाला दिसणारा ओरखडा बहुतेक वेळा कार्बनवर नसतोच. कार्बनचं विणलेलं कापड, ते मुरवून घट्ट करणारं इपॉक्सी रेझिन, आणि सगळ्यात वर चमक देणारा क्लिअर कोट, अशी ही रचना असते. ओरखडा पडतो तो क्लिअरमध्ये. हा थर फार तर वहीच्या एखाद-दोन पानांइतका जाड. त्यातलं थोडंसं घासून ओरखडा घालवता येतो, पण घासलेलं परत येत नाही. अशा पार्टची वाट ओरखड्यापेक्षा दुरुस्तीनं जास्त वेळा लागते.

१. पार्ट खरा कार्बनचा आहे ना, ते आधी बघा

बाजारात "कार्बन" म्हणून विकलं जाणारं बरंच काही कार्बन नसतं. पार्ट काढता येत असेल तर काढून मागची बाजू बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

प्लॅस्टिकवर विनाइलची फिल्म चिकटवलेली असेल तर कडेला नखानं उचकून बघता येते. अशा फिल्मला वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर) लावायचा नाही. ओरखडा पडला तर फिल्म बदलायची, संपलं काम.

पाण्यावर तरंगणाऱ्या फिल्मची छाप घेतलेला, म्हणजे हायड्रो-डिप केलेला पार्ट फसवा असतो, कारण त्यावरही वरून क्लिअर मारलेला असतो. ओळखायचं असं: उन्हात उभं राहून पार्टकडे बघत डोकं डावीकडून उजवीकडे न्या. खऱ्या विणीत उजळ चौकटी काळ्या होतात आणि काळ्या उजळतात. छापलेली वीण ढिम्म राहते. यात छाप क्लिअरच्या लगेच खाली असते, त्यामुळे पॉलिशच्या पुढे जायचं नाही.

मागून पांढरट किंवा पिवळट काचेचं कापड दिसलं, तर तो फायबरग्लासचा पार्ट आहे आणि वर कार्बनचा एकच थर आहे. दुरुस्तीच्या दृष्टीनं हा खऱ्यासारखाच, फक्त चुकायला वाव कमी.

मॅट फिनिशचा "ड्राय कार्बन" असेल तर जरा थांबा. मॅट क्लिअरला पॉलिश लावलं की तेवढाच डाग चकाकायला लागतो आणि तो घालवायचा उपाय एकच, सगळा पार्ट परत मॅट क्लिअर करून घेणं. मॅटवर धुण्यापलीकडे घरी काही करू नका.

२. कशाला हात लावायचा नाही

दिसण्यापुरते पार्ट वेगळे आणि भार पेलणारे वेगळे. कार्बनची चाकं, प्रोपेलर शाफ्ट, शॅसीचा कुठलाही भाग यांवर ओरखडा दिसला तर तो कंपनीच्या माणसाला दाखवा. बीएमडब्ल्यूच्या काही एम गाड्यांना कार्बनचं छप्पर असतं. ते बॉडीला चिकटवलेलं असतं आणि बॉडीचाच भाग असतं. त्यावर हलकं पॉलिश चालेल, पण तडा किंवा खड्डा असेल तर घरगुती प्रयोग नको. कार्बन-सिरॅमिक ब्रेक डिस्क हा तर पूर्ण वेगळाच पदार्थ आहे, या लेखातलं काहीही तिला लागू नाही.

साध्या पार्टवरही ओरखड्याभोवती एक चाचणी करा. रुपयाच्या नाण्याच्या कडेनं हलकेच टकटक करत पुढे सरका. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो. एखाद्या जागी तो अचानक भद्द झाला, तर आतले थर सुटलेत. वरून कितीही चकाकी आणली तरी तो पार्ट आतून गेलेलाच आहे.

३. ओरखडा किती खोल आहे, ते ठरवा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण पुढचं सगळं यावर ठरतं. कार शाम्पूनं पार्ट धुवा, मायक्रोफायबरनं टिपा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडं पाणी घालून पुसा, म्हणजे आधीचं मेण आणि तेलकटपणा निघेल. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि या क्रमानं बघा.

पाणी मारा. ओलं असताना ओरखडा दिसेनासा होतो आणि सुकल्यावर परत येतो, तर तो क्लिअरमध्येच आहे. पाणी खाचेत भरलं की प्रकाश फारसा विखुरत नाही, म्हणून ती लपते.

नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिशनं भागेल. किंचित अडकलं तर वॉटर पेपर लागेल. नख सरळ खाचेत बसलं, किंवा काळे केसासारखे तंतू वर आलेले दिसले, तर ओरखडा कापडापर्यंत पोचलाय.

दगड लागून उडालेल्या टवक्याभोवती पांढरट वर्तुळ दिसतं. तिथे क्लिअर खालून सुटलेला असतो. ते पॉलिशनं जात नाही, सुटलेला भाग काढून भरावाच लागतो.

एक सापळा इथेच सांगतो. पेंटची जाडी मोजणारं नेहमीचं मीटर लोखंड-ॲल्युमिनियमच्या पत्र्यासाठी असतं. कार्बनवर त्याच्या आकड्याचा भरवसा नाही, अल्ट्रासॉनिक मीटर लागतं. डिटेलिंगवाल्यानं साधं मीटर टेकवून "भरपूर क्लिअर आहे साहेब" म्हटलं तर मान डोलवू नका.

४. सामान

हलक्या आणि मध्यम ओरखड्यांसाठी:

- वॉटर पेपर २०००, २५०० आणि ३००० नंबरचा. पुण्यात नाना पेठेत सुटा मिळतो, पण जरा बरा ब्रँड घ्या
- रबरचा किंवा दाट फोमचा छोटा ब्लॉक
- कटिंग कंपाउंड आणि फिनिशिंग पॉलिश, दोन्ही वेगळी
- डीए पॉलिशर, म्हणजे फिरताना हेलकावणारं मशीन. छोट्या कामाला हातानं फोमचा पॅडही चालतो
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, मास्किंग टेप, चार-पाच स्वच्छ मायक्रोफायबर, पाण्याची स्प्रे बाटली
- एक पांढरं सुती फडकं. याचं काम पुढे येईल

खोल ओरखड्यासाठी याशिवाय पारदर्शक इपॉक्सी रेझिन आणि ते घट्ट करणारा त्याचाच हार्डनर, दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, टूथपिक, नवं ब्लेड, ४०० ते १००० नंबरचे पेपर, नायट्राइलचे हातमोजे, एन९५ मास्क आणि चष्मा.

कागदपत्रं म्हणाल तर गाडी वॉरंटीत असेल किंवा धडक दुसऱ्यानं दिली असेल, तर पेपर हातात घेण्याआधी फोटो काढा, पार्टचं बिल आणि पॉलिसी शोधा. बाहेरून बसवलेला पार्ट ॲक्सेसरी म्हणून पॉलिसीत नोंदवलेला नसेल तर क्लेममध्ये त्याचे पैसे मिळण्याची आशा धरू नका. आणि घासून झाल्यावर सर्व्हेअरला काय दाखवणार?

५. नख न अडकणारे ओरखडे: फक्त पॉलिश

फडक्याचे गोल गोल ओरखडे, झुडपाच्या रेघा, हँडलच्या रबराचा डाग यात मोडतात. फिनिशिंग पॉलिशपासूनच सुरू करा. त्यानं गेलं नाही तरच कंपाउंड घ्या. मशीनचा वेग मध्यम ठेवा आणि एका जागी उभं राहू नका. पत्र्यात उष्णता लगेच पसरते, कार्बनच्या पार्टमध्ये ती वरच्या थरात अडकून बसते. साध्या तापमानाला सुकवलेलं रेझिन साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. ते तापलं की आतल्या कापडाची वीण वर उमटते आणि गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक जाळी दिसते. ती मग जात नाही. अधूनमधून हाताची पाठ टेकवा, चटका जाणवला की थांबा.

रबिंगवाल्याचं जोरात फिरणारं गोल मशीन कार्बनवर येऊ देऊ नका, विशेषतः कडांवर. कडेला आणि उठावाच्या धारेवर क्लिअर सगळ्यात पातळ असतो. घरी करतानाही तिथे मास्किंग टेप लावूनच काम करा.

टूथपेस्टचा सल्ला हमखास मिळेल. ती दातांवरच ठेवा.

६. नख किंचित अडकणारे: वॉटर पेपर

खरं कौशल्य इथे लागतं, त्यामुळे वेळ काढून बसा. पार्ट काढून टेबलावर घेता आला तर उत्तम.

पेपर शाम्पूचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजत घाला. सुरुवात २००० नं. १५०० नं काम लवकर होतं हे खरं, पण पहिल्यांदा करणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये. पेपर ब्लॉकभोवती गुंडाळा. आरशाच्या कव्हरसारख्या गोलसर पार्टवर मऊ फोम, सपाट जागी रबर. बोटानं घासलं की बोटांच्या रेषेत नाल्या पडतात आणि पॉलिश केल्यावर त्या पाण्याच्या लाटांसारख्या दिसतात.

फक्त ओरखड्यावर घासू नका, आजूबाजूचा बराच भाग घ्या. नाहीतर ओरखडा जातो आणि त्याच्या जागी खळगा येतो. एका पेपरनं एकाच दिशेनं घासा, पुढच्या नंबरच्या पेपरनं त्याला आडवं. म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही हे लगेच कळतं. जोर देऊ नका, पाणी सतत हवं. दर दहा-बारा हातांनंतर थांबा, टिपा, सुकू द्या, टॉर्चनं बघा.

आता ते पांढरं फडकं. घासताना निघणारा चिखल त्यावर पुसून बघत राहायचं. दुधाळ रंग आला तर तुम्ही क्लिअरमध्येच आहात. काळपट आला तर कार्बनपर्यंत पोचलात, तिथेच थांबा. पण वॉटर पेपर स्वतःच काळा असतो आणि स्वस्त पेपरची काळी पूडही पाण्यात सुटते. त्यामुळे विनाकारण घाबरगुंडी उडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे "पेपरचाच रंग असेल" म्हणत माणूस पुढे घासत राहतो. यावर उपाय सोपा आहे: सुरू करण्याआधी तोच भिजवलेला पेपर एखाद्या जुन्या काचेवर घासा आणि ते पाणी फडक्याच्या कोपऱ्याला पुसून ठेवा. त्या डागाशी ताडून बघत गेलात की फरक कळतो.

ओरखडा तळापर्यंत काढायचा हट्ट धरू नका. नव्वद टक्के लोक, मीही त्यात आलो, शेवटच्या त्या बारीक रेघेसाठी जास्त घासतात. ओरखडा दिसतो तो त्याच्या धारदार कडांवर प्रकाश चमकतो म्हणून. कडा बोथट झाल्या की दोन हातांवरूनही तो सापडत नाही. उरलेला क्लिअर पुढच्या ओरखड्याला लागणार आहे, आणि आपल्या रस्त्यांवर तो पडणारच.

२००० नंतर २५००, मग ३०००. आता जागा एकसारखी धुरकट दिसेल. मग कंपाउंड, मग पॉलिश. शेवटी अल्कोहोलनं पुसून उन्हात बघा, कारण पॉलिशमधलं तेल बारीक रेघा तात्पुरत्या लपवतं आणि पहिल्या धुण्यात त्या परत दिसतात.

७. कापडापर्यंत गेलेले: इपॉक्सीनं भरायचे

आधी अपेक्षा ठरवा. खाच भरते, पृष्ठभाग सपाट होतो, पाणी आत जात नाही. पण तुटलेले तंतू जोडले जात नाहीत. विणीतला तो तुटका धागा जवळून दिसणारच. दिसण्यापुरत्या पार्टला हे चालतं.

मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय सुरू करू नका. कार्बनची धूळ त्वचेत घुसून खाजते, बारीक तंतू कुसळासारखे रुततात आणि चिमट्यानंही सापडत नाहीत. शिवाय ती वीज वाहून नेते, म्हणून उघड्या वायरिंगजवळ किंवा चालू पंख्याखाली कोरडं घासू नका.

वर आलेले तंतू ओढू नका, ओढले की शेजारचेही उसवतात. नव्या ब्लेडनं पृष्ठभागालगत कापा. सुटलेला क्लिअर खरवडून काढा. खाच अल्कोहोलनं पुसा आणि पार्ट रात्रभर कोरड्या जागी ठेवा. उघड्या तंतूंत मुरलेला ओलावा नंतर बुडबुडे होऊन वर येतो.

इपॉक्सी वजनानं मोजा, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. पुट्टीच्या सवयीनं लोक "हार्डनर जरा जास्त टाका, लवकर सुकेल" म्हणतात. पॉलिस्टरच्या पुट्टीत तो हिशेब काही प्रमाणात चालतो, इपॉक्सीत अजिबात चालत नाही. हार्डनर जास्त झाला तर ते कायम चिकट किंवा ठिसूळ राहतं. हळूहळू ढवळा, भांड्याच्या कडा खरवडून घ्या. मे महिन्यात एका वेळी मोठा कप भरून कालवू नका. ते आपोआप तापतं, कधीकधी धूरही निघतो.

खाचेच्या दोन्ही बाजूंना टेप लावा. टूथपिकच्या टोकानं एकेक थेंब सोडा, बुडबुडा दिसला की टोचून फोडा. पृष्ठभागापेक्षा किंचित उंच भरा. वर डबा पालथा घाला, धूळ बसत नाही. खोल खाच दोन वेळात भरा.

दुसऱ्या दिवशी हाताला कडक लागलं तरी लगेच पेपर मारू नका. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट-मेणचट साय येते. ती आधी साबणाच्या पाण्यानं धुवायची. तशीच घासली तर पेपर भरून जातो, आणि साय आत रगडली गेली की वरचा क्लिअर पुढे सुटतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे काम काढूच नका. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम, फक्त थंडीत सुकायला जास्त वेळ द्या.

मग बाजूच्या टेपसकट ४०० नं फक्त उंचवटा उतरवा, टेप घासली जायला लागली की ती काढा आणि ६००, १००० नं सपाट करा. बहुतेक साधी इपॉक्सी उन्हात पिवळी पडते, त्यामुळे वर क्लिअर हवाच.

फेव्हिक्विक आणि पारदर्शक नेलपॉलिश हे दोन्ही "जुगाड" टाळा. पहिल्यानं भोवती पांढरी वाफ बसते, दुसरं पिवळं पडून सोलतं.

८. क्लिअर मारायचा झाला तर पेंटरकडे

टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. श्वासातून गेले तर कायमचा दमा लागू शकतो. एन९५ त्याला उपयोगाचा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. म्हणून हे बाल्कनीत करायचं काम नव्हे. हार्डनर नसलेला वन-के स्प्रे सुरक्षित वाटतो, पण पेट्रोलचा थेंब पडला की विरघळतो.

बूथ असलेला पेंटर गाठा आणि काम सुरू होण्याआधी समोर उभं राहून सांगा:

- प्रायमर मारायचा नाही. हे वेडगळ वाटेल, पण सवयीनं हात तिकडेच जातो आणि मग सगळी वीण राखाडी रंगाखाली जाते
- पुट्टी लावायची नाही
- यूव्ही संरक्षण असलेला टू-के क्लिअरच हवा, आणि ठिगळ न लावता पूर्ण पार्टवर
- ओव्हनचं तापमान कमी ठेवायचं. जमलं तर नुसत्या हवेवर सुकू द्यायचा

फायबरवाल्याकडे जाणार असाल तर एकच प्रश्न विचारा: रेझिन कुठलं? "कोबाल्ट आणि हार्डनर" असं उत्तर आलं तर ते पॉलिस्टर. बंपर, टाक्यांसाठी ते ठीक, पण सुकलेल्या इपॉक्सीवर ते नीट धरत नाही. तिथून पार्ट घेऊन परत फिरा.

९. परत बसवताना आणि पहिला महिना

नवा क्लिअर महिनाभर मोकळा ठेवा. त्यातलं सॉल्व्हंट बाहेर पडायचं असतं. तोवर मेण, सिरॅमिक कोटिंग, पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) काही नको. फक्त पाणी आणि साधा शाम्पू. महिन्यानंतर लिप आणि आरशाच्या कव्हरवर पीपीएफ लावून घ्या. यातल्या चांगल्या फिल्मवर पडलेले हलके ओरखडे उन्हाच्या उबेनं आपोआप भरतात. गाडीवर कव्हर घालत असाल तर धुळीवर घालू नका, वाऱ्यानं तेच कव्हर पेपरसारखं काम करतं.

बोल्ट कसण्याआधी भोकांच्या कडा बघा. तिथे तंतू उघडे असतील आणि त्यांना ॲल्युमिनियम किंवा लोखंड टेकत असेल, तर पाणी लागल्यावर धातू भराभर गंजतो. कडेला इपॉक्सीचं एक बोट फिरवा, सुकू द्या, आणि बोल्टखाली नायलॉनचा वॉशर टाका. बोल्ट हातानं घट्ट झाल्यावर पान्याचा अर्धा फेरा पुरे. त्याहून जास्त आवळलात तर भोकापासून तडा जातो.